मीटरमागे दोन सेंटीमीटर

ऑकलंडजवळ टाकानिनीतल्या आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत, सगळी एकाच साच्यातली, आणि त्यांतल्या पाच-सहा घरांत कायम कुणाचे तरी आईवडील भारतातून येऊन राहिलेले असतात. सकाळी अकराला ही मंडळी फुटपाथवर निघतात. बायकांच्या पायांत मोजे आणि वर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पुरुषांच्या डोक्यावर मुलाची जुनी टोपी. ते दृश्य बघून माझी चिडचिड होते. या माणसांनी चाळीस-चाळीस वर्षं काहीतरी केलेलं असतं, आणि इथे त्यांना कुणी विचारलंच तर एवढंच विचारतं की थंडी सोसते का.

गोपीनाथकाका त्यांतलेच. माझ्या समोर राहणाऱ्या परेशचे वडील, वय एकाहत्तर. सहा महिने मीही त्यांना थंडीबद्दलच विचारत होतो. मग एका रविवारी आमचं बाहेरचं फाटक खाली घासायला लागलं आणि काका न सांगता रंधा घेऊन आले. पंधरा मिनिटांत त्यांनी ते असं बसवलं की माझ्या बायकोने दोनदा उघडून बंद करून पाहिलं. मी ऑकलंडला स्वयंपाकघरांच्या कपाटांची ड्रॉइंग्ज काढतो, त्यामुळे चांगलं लाकूडकाम मला दिसतं. विचारलं, तेव्हा कळलं की हे चिंचवडच्या एका फाउंड्रीत अडतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. म्हणजे पोलादाचा जो भाग ओतायचा, त्याचा आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्या साच्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. "लाकूड चुकलं की पोलाद चुकलं," काका म्हणाले, "आणि चुकलेलं पोलाद कुणी परत घेत नाही."

मी त्यांना कॉलिनच्या शेडमध्ये नेलं. हे मी चांगलं केलं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

कॉलिन शहात्तर वर्षांचा. तरुणपणी डोंगरावरच्या कुरणांवर विमानातून खत टाकायचा. आता अर्डमोरच्या धावपट्टीपलीकडे एका भाड्याच्या शेडमध्ये तो, मी आणि आणखी चार-पाच रिकामटेकडे दर शनिवारी एक विचित्र यंत्र बांधत होतो. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रावर दोन्ही बाजूंच्या आरमारांनी एकच माणूस बसेल अशी लढाऊ विमानं वापरली. त्यांना चाकं नव्हती. खालचं अंग सरळ होडीचं, वर दोन पंख, नाकाशी मशिनगन आणि पायलटच्या मागे, त्याच्या डोक्यापेक्षा उंच टांगलेलं इंजिन. कॉलिनला त्या जातीचं एक विमान करायचं होतं. नक्कल नाही. जुने फोटो आणि सापडतील तेवढी मापं यांवरून त्याने स्वतःच डिझाइन केलं होतं आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवलं होतं.

काकांनी पहिल्या दिवशी सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला म्हणाले, "याला विचार, ज्याने हे पहिल्यांदा काढलं त्याला होडी करायची होती की विमान?" मी विचारलं. कॉलिन इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. हाच तर सगळा घोळ होता, तो म्हणाला. होडी रुंद हवी, जड हवी, लाटेचा मार खाणारी हवी. लढाऊ विमान हलकं हवं, चटकन वळणारं हवं. त्या काळच्या लोकांनी दोन्ही एकत्र बांधायचा हट्ट धरला, आणि पाण्यातून सुटायला जी मुख्य युक्ती केली ती म्हणजे पायरी. होडीचा तळ मध्येच बोटभर तोडून वर उचललेला. वेग आला की पाणी त्या पायरीवर सुटतं, मागच्या भागाला चिकटत नाही, आणि विमान उठतं.

"पायरी जागेवर नसली तर?" काकांनी माझ्यामार्फत विचारलं.

कॉलिनने हाताने विमान करून ते नाकावर पाडलं आणि मग मानेवर चापट मारून मागच्या इंजिनकडे बोट दाखवलं. याचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

पुढचे आठ महिने काका वेगळेच झाले. सुशीलाकाकू म्हणायच्या, शनिवारची दाढी शुक्रवारीच करतात. शेडमध्ये त्यांना गोपी म्हणायचे, आणि कुणाला पटाशीला धार लावायची असली की ती काकांपुढे यायची. इंग्रजी तुटकं, पण "नो फोर्स, स्लो, स्लो" एवढ्यावर त्यांनी दोन रिटायर्ड इंजिनिअरांना रंधा मारायला शिकवलं. परेशला सुरुवातीला हे पटत नव्हतं. वडिलांनी शेडमध्ये भुसा खात बसावं म्हणून आपण त्यांना आणलं का, असं तो बायकोला, मेधाला, म्हणायचा. पण शेडचे फोटो त्याच्या ऑफिसात सगळ्यांना आवडले आणि मग तोही भाव खायला लागला.

आता कामाच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. होडीच्या आडव्या फळ्यांचे आकार मी कागदावर पूर्ण मापात छापून द्यायचो, त्यामुळे तिथे मोजायचं काहीच नव्हतं. मोजायचं होतं ते एकाच ठिकाणी, तळाच्या मधल्या लांब लाकडावर, कोणती फळी कुठे उभी राहणार त्याच्या खुणा. नाकापासून पायरीपर्यंतचे तीन मीटर काकांनी आखले. शेपटीकडून पुढे येत बाकीचं कॉलिनने आखलं. भिंतीवर तक्ता होता आणि त्यात दोन रकाने. एक, ज्याने माप घेतलं त्याच्या सहीचा. दुसरा, ज्याने तेच माप पुन्हा स्वतः मोजलं त्याच्या सहीचा. तपासणीला येणारा सरकारी माणूस विमानाआधी हा तक्ता बघायचा. काकांच्या नावापुढचा दुसरा रकाना माझा होता.

काका त्या दिवशी म्हणाले, "मकरंद, बघ रे मोजून."

मी म्हणालो, "काय काका, तुमच्या कामावर मी टेप लावू?"

आणि सही केली. मला वाटलं मी त्यांचा मान राखला. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने केलेलं काम त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा तपासत नाहीत, निदान मला तरी ते जमत नाही. काका पेन्सिल कानावर ठेवून चहा ओतायला गेले.

नोव्हेंबरमध्ये विमान पाण्यात उतरवायचं ठरलं. कॉलिनच्या भावाचा टौरंगाच्या बंदरात होड्या पाण्यात उतरवायचा उतार होता. शनिवारी सकाळी फक्त पाण्यावरून पळवून पाहायचं, उडायचं नाही, पण वेग मात्र जवळजवळ उडण्याइतका घ्यायचा. त्या आठवड्याच्या गुरुवारी संध्याकाळी सुशीलाकाकूंनी मला हाक मारली. आत गेलो तर काका जेवणाच्या टेबलाशी बसलेले, ताट तसंच. नऊ वर्षांची नात सानिका विचारत होती, "आजी, व्हाय इज आबा नॉट ईटिंग?" काकूंनी तिला वर पाठवलं.

टेबलावर एक फळी पडली होती. मेधाला स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात एक फळी हवी होती. काकांनी कोनाडा मोजला, हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाची फळी कापून आणली, आणि ती जवळजवळ दोन सेंटीमीटर आखूड निघाली. दुकानदाराने चुकीची कापली असं म्हणून ते भांडायला निघाले होते. निघण्याआधी पुरावा हवा म्हणून परेशचा टेप काढून फळीवर लावला. फळी सांगितलेल्या मापाचीच होती.

काकांनी आपली स्टीलची पट्टी माझ्यापुढे ठेवली. कडेला, मुंगीएवढ्या, झिजलेल्या अक्षरांत, २% असं कोरलं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना ते दिसत नव्हतं आणि मी कधी बघितलं नव्हतं.

वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकर लाकूड तेवढं मोठं करतो. प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून त्यांची खास पट्टी असते, दिसायला अगदी नेहमीसारखी. तिचा प्रत्येक सेंटीमीटर किंचित ताणलेला असतो. काकांकडे दोन पट्ट्या होत्या, एक साधी आणि एक ही. चिंचवडहून निघताना बॅगेचं वजन जास्त भरलं आणि काकूंनी त्यातली एक, नेमकी साधी, काढून ठेवली. सारख्याच दोन कशाला, म्हणून.

"मला काय कळणार त्यातलं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुझी नाही चूक," काका म्हणाले. "पट्टी हातात कोण धरतो?"

तीन मीटरला सहा सेंटीमीटर. पायरी सहा सेंटीमीटर मागे गेली होती. काकांना आता हेही आठवत होतं, की पायरीमागचा प्लायवूडचा तुकडा बसवताना सहा सेंटीमीटर जास्त भरला होता. कॉलिनने इंचांत काहीतरी गोंधळ घातला असेल असं समजून त्यांनी तो कापून टाकला. खुणा सगळ्या सारख्याच ताणलेल्या असल्यामुळे डोळ्याला काही खटकलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, मला आधी कॉलिन आठवला नाही. मला भिंतीवरचा तक्ता दिसला आणि त्यातली माझी सही. मी म्हणालो, "काका, सहाच सेंटीमीटर आहेत. शनिवारी तो नुसता पाण्यावर फिरवणार आहे. एवढे लोक येणार आहेत. हे होऊन जाऊ दे, मग पुढच्या आठवड्यात मी शांतपणे सांगतो त्याला. सगळं व्यवस्थित होईल."

"आणि त्याची मान?"

"काका, काही होत नाही हो."

त्यांनी पट्टी उचलून कापडात गुंडाळली. मला वाटलं पटलं त्यांना. घरी येऊन मी जेवलो, झोपलोही.

शनिवारी टौरंगाला वारा नव्हता. उतारावर पन्नासेक माणसं, परेशसुद्धा मेधाला आणि सानिकाला घेऊन आलेला, फोन उभा धरून. कॉलिन जुन्या पद्धतीची चामड्याची टोपी घालून विमानात चढायला निघाला आणि काका ट्रेलरच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"नो," ते म्हणाले. "कॉलिन, नो."

परेश ओरडला, "बाबा, काय करताय? बाजूला व्हा!"

काकांनी कुणाच्या तरी खिशातून टेप मागून घेतला. विमानाच्या अंगावर नाकापासून तो ताणला आणि त्याला चिकटून आपली पट्टी धरली. साठ सेंटीमीटरची पट्टी टेपच्या एकसष्टच्याही पुढे गेली. त्यांनी ती एकापुढे एक अशी पाच वेळा ठेवत पायरीपर्यंत नेली, दर वेळी टेपवर बोट ठेवून. शेवटचं बोट तीन मीटर सहावर होतं. इंग्रजीची गरजच पडली नाही. कॉलिनने टोपी काढली. खाली पाण्यात कुणाची तरी होडी खांबाला आपटत होती.

मग कॉलिनने गाडीतून तक्ता आणला; तपासणीच्या कागदांसोबत तो भिंतीवरून काढून घेतला होता. तो माणूस आरडाओरडा करणारा नाही. त्याने बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, हे दुसऱ्यांदा मोजलं कुणी?

मी तोंड उघडलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. पण मी उघडलं नाही. परेश बघत होता, माझी बायको बघत होती, शेडमधले सगळे बघत होते.

काका म्हणाले, "आय गिव्ह हिम माय स्केल. ही चेक विथ माय स्केल. नॉट हिज मिस्टेक. टू टाइम माय मिस्टेक."

कॉलिन माझ्याकडे वळला. "इज दॅट राइट, मेट?"

मी म्हणालो, "येस."

परतीच्या अडीच तासांत परेश वडिलांशी एक अक्षर बोलला नाही, असं मेधाने नंतर सांगितलं. घरी आल्यावर बोलला तो एवढंच, की दोन दिवस माहीत होतं तर घरी सांगायचं होतं, चारचौघांत तमाशा कशाला केला. काका म्हणाले, "सांगून बघितलं होतं." कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि परेशला विचारायचं सुचलं नाही.

कॉलिनने काकांना एका शब्दाने दुखावलं नाही. उलट मिठी मारली, म्हणाला की इंजिन मानेवर पडण्यापेक्षा हे बरं. तळ उघडायचा आणि पुन्हा बांधायचा ठरलं, चार महिन्यांचं काम. पट्टी त्याने काकांकडून मागून घेतली आणि शेडच्या दारावर ठोकली, खाली लिहिलं, 'गोपीचा मीटर'. कुणाचं काही लांबलं की, मग ते भाषण असो की रांग, म्हणायचे, गोपीच्या मीटरने मोजलं वाटतं. किवी माणूस ज्याच्यावर जीव असतो त्याचीच अशी थट्टा करतो, हे मला पंधरा वर्षांत कळलंय. काकांना कसं कळणार? सगळे हसले की तेही हसायचे. त्यांच्या हातात आता पॉलिशपेपर दिला जायचा. तीन शनिवार त्यांनी पॉलिशपेपर मारला. चौथ्या शनिवारी मी हॉर्न वाजवला तर काकूंनी दारातूनच हात हलवून नाही म्हटलं.

फेब्रुवारीत ते परत निघाले. व्हिसाचे दोन महिने शिल्लक होते, पण काकूंच्या गुडघ्याचं कारण सांगितलं. आदल्या दिवशी मी गेलो. काका बॅगेला दोरी बांधत होते. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"तुला इथे राहायचंय," ते म्हणाले. "तुझी पोरं इथे शाळेत जातायत. मी काय, जाणारा माणूस."

"पण खरं तर मी मोजलंच नव्हतं. तुमचा मान म्हणून..."

त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि ते खाली बसले. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण मान लाल झाली.

"आमच्याकडे विश्वनाथ म्हणून चेकर होता," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माझा एकूण एक पॅटर्न मोजायचा. कधी सोडला नाही, माझ्या मुलीचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा नाही. चूक काढली की मला सांगायचा, आणि मी त्याला चहा पाजायचो. मी रिटायर झालो तेव्हा सगळ्यांत जास्त तो रडला. आणि तू म्हणालास, तुमच्या कामावर टेप कसा लावू. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, की हा मला कारागीर समजत नाही. म्हातारा समजतो."

मला वाटत होतं त्यांनी मला दोन शिव्या द्याव्यात, म्हणजे मला उठता येईल. काकूंनी चहा आणला. तो मी प्यालो आणि घरी आलो.

मे महिन्यात विमान पुन्हा टौरंगाला नेलं. या वेळी मी प्रत्येक माप तीनदा घेतलं होतं, दोन वेगवेगळ्या टेपांनी. दुपारी दीडला, म्हणजे चिंचवडला सकाळी सातला, मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते आंघोळ करून, शर्ट घालून तयार बसले होते, शेजारी काकू. कॉलिन पाण्यावरून पळाला, पायरीवर पाणी सुटलं, मागे पांढरी रेघ उठली आणि ते वेडंविद्रं यंत्र दोन माणूस उंच उचललं गेलं. त्याने बंदरावर एक वळण घेतलं आणि खाली आला. माणसं वेड्यासारखी ओरडत होती. काका स्क्रीनच्या इतके जवळ आले की मला त्यांचं कपाळच दिसत होतं.

कॉलिन ओलाचिंब बाहेर आला आणि एका खोक्यावर उभं राहून बोलला. सगळ्यांचे आभार मानले. मग म्हणाला, एक माणूस नसता तर आज मी इथे नसतो, ज्याने गेले चार महिने एक मिलिमीटरसुद्धा न मोजता सोडला नाही. आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. फोन माझ्या हातातच होता, चालू. मी खाली पाहिलं. काका टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून, आणि काकू टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या.

मी मान वर केली आणि सगळ्यांना थँक्यू म्हणालो.